हुरड्याच्या दिवसांतला कॅमशाफ्ट

जानेवारी लागला की अक्कलकोट रस्त्याला पाट्या दिसू लागतात, ‘गरम हुरडा मिळेल’. ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा आणि गोवऱ्यांच्या धगीचा वास एसटीच्या खिडकीतून आत येतो आणि एरवी सीटवरून भांडणारी माणसं एकदम हळवी होतात. कुणाला आजोळ आठवतं, कुणाला विकलेलं शेत, कुणाला कॉलेजातली कुणीतरी. मला कॅमशाफ्ट आठवतो.

हे मी एकदा ऑफिसात बोलून बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “एकदा बीपी तपासून घे बरं.” तेव्हापासून मी हुरड्याचा विषय निघाला की मान हलवते आणि गुळाचा खडा तोंडात टाकते.

कॅमशाफ्ट म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं आमच्या अम्मासारखं ऐकाल. म्हणजे मान डोलवाल आणि मनात उद्याच्या भाजीचा विचार कराल. इंजिनाच्या डोक्यात एक पोलादी दांडा आडवा बसवलेला असतो. लाटण्यासारखा, फक्त अंगभर टेंगळं आलेल्या लाटण्यासारखा. दांडा फिरला की ही टेंगळं झडपा दाबून उघडतात. एक झडप हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. टेंगूळ किती उंच आणि त्याचं पोट किती जाड, यावर झडप किती उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार ते ठरतं. एवढीच गोष्ट. पण त्या वर्षी हुरड्याच्या अख्ख्या हंगामात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात आम्ही तेलुगू बोलतो आणि भांडण मराठीत करतो, म्हणजे शेजाऱ्यांची गैरसोय होत नाही. वडिलांना आम्ही नायना म्हणतो. नायनांचा जन्म गेला चादरी विणण्यात. घरामागच्या शेडमध्ये यंत्रमाग होते, आमच्या बोलीत लूम. ते चालू असताना घरात कुणी हळू बोलणं शक्यच नव्हतं. त्यामुळे आमच्या खानदानात कुजबुज नावाचा प्रकार नाही; माझ्या लग्नाची गुप्त बोलणीसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली होती. कदाचित म्हणूनच ती फिसकटली, आणि मी इथेच राहिले, आणि हे सगळं बघायला मिळालं. असो.

मग लूम विकले गेले. भंगारवाल्याचा टेम्पो आला, लोखंड गेलं आणि शेडमध्ये फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले. घर शांत झालं. शांतता चांगली असते असं पुस्तकांत लिहितात. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरामागे लूम नसावेत. नायनांना दुपारी डोळा लागेना. रेडिओ मोठ्याने लावून झाला, पंखा खडखडणारा बसवून झाला, शेवटी ते अम्मालाच म्हणाले, “जरा भांडी आपटत जा की.” अम्माने ते सल्ला म्हणून न घेता टोमणा म्हणून घेतलं आणि दोन दिवस भांडी इतकी हळुवार घासली की काय सांगू.

अशात माझा धाकटा भाऊ श्रीनिवास, म्हणजे सिनू, पुण्यातली मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडून परत आला. सोबत एक जुनी लाल गाडी आणली. तिला त्याने स्वतःच्या हातांनी टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी स्वतःच्या उच्छ्वासावर जोर काढते म्हणे. मला हे सरकारी योजनेसारखं वाटलं होतं, पण चालतं. सिनूला शेडमध्ये असल्या इंजिनांचं वर्कशॉप काढायचं होतं.

नायनांना ते पटलं नाही. त्यांच्या मते गाडीचं इंजिन कंपनीने एकदा बंद करून दिलं की ते उघडणं म्हणजे दुसऱ्याचं पाकीट उघडण्यासारखं. शिवाय शेडला गिऱ्हाईक होतं. बसूअण्णा मंडपवाले. लग्नाच्या खुर्च्या, ताडपत्र्या आणि माणूस बसून आंघोळ करील एवढाली पातेली ठेवायला त्यांना जागा हवी होती. नायना सिनूला म्हणाले, “गड्ड्यापर्यंत काय ते करून दाखव. गड्डा उठला की शेड बसूअण्णाला.” गड्डा म्हणजे संक्रांतीच्या यात्रेत भरणारी आमची जत्रा. पाळणे, मौत का कुआँ, कागदाच्या पुडीतले खारे शेंगदाणे, आणि शहरभर धूळ. सोलापुरात काळ तिथून मोजतात. गड्ड्याच्या आधी थंडी, गड्ड्यानंतर उन्हाळा.

हुरड्याचंही तसंच असतं. कणीस चार दिवस आधी काढलं तर दाण्यात नुसतं दूध, चार दिवस उशीर झाला तर ती ज्वारी. मग भाकरीच करायची. मधले थोडे दिवस तेवढा हुरडा. शेतकरी कणसावर अंगठ्याचं नख दाबतो आणि सांगतो, आज. का आज, ते त्याला विचारू नये. जगातली बरीचशी भांडणं ‘काय’ यावरून होतच नाहीत, ‘केव्हा’ यावरून होतात. दार केव्हा उघडायचं, केव्हा लावायचं. लग्न केव्हा करायचं, नोकरी केव्हा सोडायची, बापाला उलट उत्तर केव्हा द्यायचं. इंजिनाचं शास्त्र मला येत नाही, पण एवढं त्यातलं मला लगेच कळलं.

तर त्या थंडीत सिनूने मागवलेले तीन दांडे कोल्हापूरहून आले. तिन्हींवर टेंगळं होती, पण प्रत्येकाच्या टेंगळांची घडण वेगळी. सिनूने पलंगावर चादर पसरली आणि उपवर मुलींचे फोटो मांडावेत तसे ते मांडले. पहिला सडसडीत, कंपनीच्या मूळ दांड्यासारखा. मधल्याची टेंगळं जराशी उंच, पण पोट आटोपशीर. तिसऱ्याचं पोट चांगलं सुटलेलं, आमच्या थोरल्या काकांसारखं. यातला एक निवडून इंजिनात बसवायचा होता. अम्माने मधला उचलून पाहिला, लाटण्याच्या हिशेबाने तोलला आणि “जड हाय,” म्हणून नापसंत करून ठेवला.

तेवढ्यात नायना चष्मा शोधायला आत आले आणि चष्मा विसरून तिसऱ्या दांड्यापाशी थांबले. त्यांनी तो हातात घेतला, टेंगळावरून अंगठा फिरवला.

“एंदिरा इदि?” हे काय रे, असं त्यांनी विचारलं. मग उत्तराची वाट न बघता मराठीत आले, कारण विषय वादाचा होता. “हा तर आपल्या लूमचा कॅम की!”

खरंच लूमलाही कॅम असतो. तो ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली करतो, मधे एक वाट उघडते आणि त्या वाटेतून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोठा असेल तर कॅमचं पोट जाड लागतं. धोट्याला लांब जायचं असतं, वाट जास्त वेळ उघडी हवी. वाट लवकर मिटली की धोटा आत अडकला आणि धागे तुटलेच म्हणून समजा. चादरीचा पन्हा मोठा. त्यामुळे नायनांचा उभ्या आयुष्याचा अनुभव एकाच दिशेचा होता.

“हवा म्हंजे धोटाच की रे,” नायना म्हणाले. “वाट जास्त येळ उघडी ठेव, निवांत जाऊ दे तिला. पोट जाडच पायजे. हाच बसव.”

सिनूने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, “व्हय, नायना.”

मी उडालेच. टर्बोच्या इंजिनाला जाड पोट चालत नाही, हे सिनूने मला चहा पिता पिता स्वतः समजावून सांगितलं होतं. मी त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं. आमच्या कुजबुजीची पातळी तुम्हाला माहीत आहे, म्हणून आधी मिक्सर चालू केला आणि मग विचारलं, “अरे, तुला माहीत हाय न्हवं चुकतंय ते?”

“माहीत हाय की अक्का. पण बघ जरा तिकडं.”

मी दारातून पाहिलं. नायना पलंगावर मांडी घालून बसले होते. मांडीवर दांडा. एकेका टेंगळावर अंगठा फिरवत ते ओठांनी काहीतरी मोजत होते. लूम गेल्यापासून ते असे कशापाशीही बसले नव्हते. आणि सिनूशी ते आजवर तीनच विषयांवर बोलले होते: मार्क, केस आणि नोकरी. तिन्ही विषयांत सिनू नापास होता. चौथा विषय आज निघाला होता आणि त्यात बाप-लेकाचं एकमत झालं होतं. ते चुकीच्या दांड्यावर झालं होतं, इतकंच. मी मिक्सर बंद केला.

तिसरा दांडा बसला आणि गाडी सुरू झाली. काय तो आवाज! साधी गाडी गुणगुणते. ही उभ्या उभ्या खाडखाड, थांब, खाड, थांब, खाडखाड करू लागली. सगळी गाडी तालात हलायची. अम्मा पदराने नाक झाकून म्हणाली, “ह्येला दमा झालाय काय रे?” शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, “मामा, लूम परत आणलं व्हय?” सिनूने घाबरून नायनांकडे पाहिलं. नायना खुर्ची घेऊन शेडच्या दारात बसले होते. डोळे मिटलेले. मान त्या खाडखाडीबरोबर हलत होती. थोड्या वेळाने पाहिलं तर घोरत होते.

गाडी चालवून बघायचं काम माझ्याकडे आलं. नायनांचं म्हणणं, “अक्काला चालवता आली तर कुणालाबी येतंय.” यातली स्तुती मी अजून शोधतेय. त्या गाडीने मी ऑफिसला जाऊ लागले. सिग्नलला उभी राहिले की ती थरथरायची आणि बंद पडायची. ब्रेक दाबावा तर पेडल दगडासारखं, कारण इंजिन हळू फिरताना हवा धड ओढतच नव्हतं आणि ब्रेकला त्या ओढीचाच आधार लागतो. निघताना तर गोगलगाय. एक्सलेटर दाबा, विनवण्या करा, काही नाही. आणि मग अचानक, मी आशा सोडलेली असताना, पाठीत लाथ बसल्यासारखी उधळायची. पार्क चौकात एका चणेवाल्याने मला रोज दोनदा पाहिलं. एकदा रडकुंडीला आलेली आणि लगेच पुढे किंचाळणारी. माझ्या साड्यांना न जळलेल्या पेट्रोलचा वास येऊ लागला. ऑफिसातल्या बाई खुर्ची जरा लांब सरकवून बसायला लागल्या.

सिनू रोज विचारायचा, “कशी चालली?” नायना तिथेच बसलेले असायचे. मी म्हणायची, “वरच्या अंगाला जोर लई हाय.” हे खोटं नव्हतं. फक्त वरच्या अंगापर्यंत पोचायचं कसं, ते मी सांगत नव्हते.

दुधनीकडे नायनांचे जुने मित्र आहेत, शिवलिंगप्पा. पूर्वी चादरी घेऊन कर्नाटकात विकायचे, आता शेती बघतात. त्यांचं हुरड्याचं बोलावणं आलं. नायनांनी हौसेने सांगितलं, आपल्या गाडीने जायचं. अम्माने चांगली साडी नेसली, डब्यात दही घेतलं, शेंगाचटणी घेतली. हुरड्याबरोबर शेंगाचटणी यजमानाकडे असतेच, पण दुसऱ्याच्या चटणीवर अम्माचा विश्वास नाही.

रेल्वेपुलाच्या चढावर मधोमध पुढची रिक्षा थांबली, म्हणून मी थांबले. रिक्षा गेली. आम्ही नाही. गाडी खाडखाड करून बंद पडली आणि मागे सरकू लागली. मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर गाणं एवढ्या मोठ्याने की ड्रायव्हरला आमच्या किंकाळ्या ऐकू आल्याच नसाव्यात. हँडब्रेक ओढला तेव्हा आमच्यात आणि ट्रॅक्टरमध्ये एका म्हशीएवढी जागा उरली होती.

ड्रायव्हर उतरला. त्याने गाडीकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं. “उतरा की मामा. ढकला. दिसभर हितंच बसायचं काय?” मग माझ्या जागी बसून सिनूने गाडी परत सुरू केली, तेव्हा तो आवाज ऐकून म्हणाला, “चादरी इणताय व्हय ह्यात?”

आम्ही ढकलली. अम्मा रेशमी साडीत, दह्याचा डबा एका हातात धरून, दुसऱ्या हाताने. नायना टोपी सांभाळत. पुलावरून जाणारी ओळखीची माणसं थांबून नमस्कार करत होती, कारण आमच्या गावात माणूस गाडी ढकलत असला तरी विचारपूस चुकत नाही. “काय, कुटं निघालाव?” नायना धापा टाकत प्रत्येकाला सांगत होते, “हुरड्याला.”

शिवलिंगप्पांनी “बर्री, बर्री,” म्हणून स्वागत केलं. आगटीभोवती बसलो. आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची. गरम दाणे, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हिरवे, गोड, दुधाळ दाणे उरतात. नायना दाण्यांवर फुंकर मारत राहिले. कोंडा संपला तरी मारत राहिले. मग म्हणाले,

“पाच मान्सं बसवायची. त्याच पुलावर, मधोमध उभी करायची. आन मागं न सरकता निघायची. निघाली तर शेड तुझं. न्हाय निघाली तर गड्डा झाल्यावर बसूअण्णाच्या खुर्च्या. मला परत टोपी सांभाळत ढकलायचं न्हाय.”

सिनू कोंड्यासकट हुरडा खात होता. मला त्याची दया आली आणि रागही आला. नायनांनी निवडलेल्या दांड्यावर ती गाडी जन्मात तो चढ चढणार नव्हती. दांडा बदलायचा तर नायनांना सांगावं लागणार, की तुमची चाळीस-पन्नास वर्षांची लूमची अक्कल इथे लागू नाही. ज्या माणसाचे लूम भंगारात गेलेत, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सिनू सांगणार नव्हता. मी त्याला ओळखते. त्याने शेड सोडलं असतं.

हुरड्याच्या आठवणीत लोक गोडवा सांगतात. मला त्यातला घशात अडकणारा कोंडाही आठवतो.

संक्रांत तोंडावर आली आणि बसूअण्णा शेडचं माप घ्यायला आले. गडी मोठा प्रेमळ, अंगाने भरघोस, कुठेही गेला तरी कालच्या लग्नाची हकीकत सोबत घेऊन जाणारा. टेपचं टोक भिंतीला लावायचं तसंच सोडून ते अंगणात चहाला बसले. अम्माने तीळगुळाची वाटी पुढे केली. नायना समोर. सिनू शेडच्या दारात पाना हातात घेऊन उभा.

“काल लई घोटाळा झाला बघा,” बसूअण्णा सांगू लागले. “कार्यालयात गर्दी. यजमानानं काय केलं, पयली पंगत उठायच्या आत दुसरी आत सोडली. तसं ते चालतंय. उठलेली मान्सं भायेर पडत्यात, त्येंच्या मागं मोकळ्या जागंत नवी आत वढली जात्यात. आपोआप काम हुतंय. पण काल कुणी शान्यानं भायेर जायच्या दारातच पानाचं टेबल मांडलं! परतेकजण थांबतोय, चुना लावतोय, सुपारी मागतोय. दार तुंबलं की! आन इकडं आत यायचं दारबी उघडं. मंग उठलेली सगळी पंगत उलटी फिरली, आत येणाऱ्यांना ढकलत सैपाकघरात. वाढप्याच्या हातात बासुंदीचं पातेलं. काय सांगू तुमास्नी...”

बासुंदीचं काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. नायनांनी कप खाली ठेवला होता.

“पानाचं टेबल,” ते हळूच म्हणाले. आमच्या घरातलं ‘हळूच’.

मग ते शेडकडे वळले. “सिनू, तुझा त्यो पंखा कुटं बसवलाय? धूर जातोय त्या वाटंवर न्हवं?”

“व्हय, नायना.”

“म्हंजे भायेरच्या दारातच.”

“व्हय.”

“आन कॅमचं पोट जाड असलं की एक दार मिटायच्या आत दुसरं उघडतंय. दोन्ही दारं एकदम उघडी.”

सिनूने हातातला पाना खाली ठेवला.

“मंग धूर भायेर जायच्या ऐवजी उलटा आत यायलाय की रे! नव्या हवंला बसायला पाटच न्हाय.” नायना उठून उभे राहिले. “लूमला भायेरचं दारच नसतंय. धोटा हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. आमाला कदी लागलंच न्हाय ते.”

बसूअण्णा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. “कुणाचं लगीन काढलंय?” त्यांनी मला विचारलं. मी त्यांना आणखी एक तीळगूळ दिला.

“हे तुला कदी कळलं?” नायनांनी सिनूला विचारलं.

“आत्ताच की, नायना. बसूअण्णा बोलल्यावर.”

आमच्या घराण्यात सिनूइतकं वाईट खोटं कुणी बोलत नाही. कान लाल होतात. नायनांनी त्या कानांकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं.” आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. सिनूने तिसरा दांडा उतरवून मधला हातात घेतला. त्याचं पोट बारीक होतंच. शिवाय धुराचं टेंगूळ आणि हवेचं टेंगूळ एकमेकांपासून जरा लांब सरकवलेली. एक दार नीट मिटतं तेव्हा दुसरं उघडायला लागतं. उंची मात्र थोडी जास्त, म्हणजे उघडलं की चांगलं सताड उघडतं. नायनांनी हे अंगठ्याने तपासलं, पुन्हा तपासलं आणि मगच दांडा आत जाऊ दिला. दांडा फिरवणारी साखळी चढवताना खुणा जुळवायच्या असतात. सिनू वाकून बघत होता, नायना बोटाने साखळी ताणून धरत होते आणि दोघं एकमेकांवर ओरडत होते. अम्मा मला म्हणाली, “बघ, किती दिवसांनी घरात आवाज आलाय.”

गाडी सुरू केली. ती गुणगुणली. खाडखाड नाही, थरथर नाही. चांगल्या घरातल्या सुनेसारखी खालमानेने गुणगुणत उभी राहिली. नायनांची खुर्ची शेडच्या दारात तशीच होती. ते तिच्यावर बसले, ऐकू लागले, आणि त्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरून गेलं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की क्षणभर तो जाड्या परत बसवा असं म्हणावंसं वाटलं.

“आवाज गेला की, नायना,” सिनू म्हणाला.

“गेला तर गेला,” नायना खुर्ची घडी करत म्हणाले. “चढतंय का, ते बगू.”

पाच माणसं हवी होती. आम्ही चौघं. पाचवे बसूअण्णा स्वतःहून आले. “म्या पार्टी हाय ह्यात. बगायला नगं?” असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसले आणि गाडी डाव्या अंगाला खचली. सिनू कळवळला, “अण्णा, तुमी एकटे दोन हाय!” नायना म्हणाले, “अट अट हाय. मान्सं पाच.”

पूल आला. चढाच्या मधोमध मी गाडी उभी केली. आरशात पाहिलं; मागे उसाचा ट्रॅक्टर. तोच असेल असं नाही, पण त्या दिवसांत सगळे उसाचे ट्रॅक्टर एकाच गाण्यावर चालतात. हॉर्न सुरू झाला. अम्माने मागच्या सीटवर सिद्धेश्वराचं नाव घेतलं. सिनूने डोळे मिटले. बसूअण्णांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला, जणू गाडी तेच थोपवून धरणार. नायना तेवढे मागून वाकून माझ्या पायाकडे बघत होते.

मी क्लच सोडला. हँडब्रेक सोडला. आणि गाडी निघाली. उधळली नाही, हिसके दिले नाहीत. खालच्या अंगालाच जोर होता. लगेच टर्बोची बारीक शीळ ऐकू आली, आणि बसूअण्णांसकट पाच माणसांना ती पुलाच्या माथ्यावर घेऊन गेली.

“अब्बब्बब्ब!” बसूअण्णांनी टाळी वाजवली. आपण कोणत्या बाजूचे आहोत, याचा त्यांना साफ विसर पडला होता. पूल उतरेपर्यंत त्यांनी सिनूला त्याच्या कामाबद्दल इतके प्रश्न विचारले, की एवढे तर नायनांनीही कधी विचारले नसतील. “माज्या टेम्पोला बसंल का रे असलं काय? पातेली घेऊन चढावर रडतंय बग ते.”

सिनू नायनांकडे बघत होता. नायना खिडकीतून बाहेर बघत होते.

घरी आलो. सिनूने बॉनेट उघडलं आणि उगीचच आत वाकला. बसूअण्णा उतरले, सवयीने खिशातून टेप काढली आणि जरा संकोचून म्हणाले, “मंग मामा, खुर्च्यांचं कसं करायचं? न्हाय म्हंजे, ह्यो पोरगा एका कोपऱ्यात करंल की त्येचं. बाकीचं शेड रिकामंच हाय.”

नायना शेडच्या दारात उभे राहिले, चौकटीला एक हात लावून. लूम विकल्यापासून ते त्या जागेला कारखाना म्हणायचं सोडून शेडच म्हणत आले होते. आम्हीही तसंच म्हणायला शिकलो होतो.

“रिकामं कुटं हाय, अण्णा?” ते म्हणाले. “कारखाना चालू हाय आमचा. टेम्पो सोमवारी आणून लावा. आज एक गाडी आत हाय.”

बसूअण्णांनी टेप गुंडाळली. नायना आत गेले, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि फरशी झाडायला लागले. सिनू बॉनेटमधून वर येईना. बराच वेळ झाला तरी येईना. शेवटी अम्मा ओट्यावरून ओरडली, “आता काय बिघडलं रे परत?”

“काय न्हाय, अम्मा,” आतून आवाज आला. “काय न्हाय बिघडलं.”